कटकची परिषद आणि महानदीचा बदललेला पाऊस

बाबासाहेब आणि पाणी म्हटले की आपल्याला महाड आठवते. आठवलेच पाहिजे. पण 8 नोव्हेंबर 1945 ची कटकची परिषद आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूर खात्याचे मंत्री म्हणून बाबासाहेब तिथे ओरिसाच्या नद्यांवर बोलले. तोवर 1928 च्या पूर चौकशी समितीचे मत प्रमाण होते : पुराचे पाणी लवकरात लवकर समुद्रात सोडा. बाबासाहेबांनी हा विचारच मुळातून खोडला. जास्त पाणी ही आपत्ती नव्हे, माणसाचे हाल पाण्याच्या अभावानेच अधिक होतात. निसर्ग पाणी सारखे वाटत नाही, म्हणून ते साठवा. त्यातून सिंचन, वीज, जलवाहतूक उभी करा, अशी त्यांची मांडणी होती. त्याच दिशेने पुढे महानदीवर हिराकुड धरण उभे राहिले. उद्घाटन 1957 साली झाले.

पण ज्या पावसाच्या हिशेबावर धरण बांधले, तो पाऊस तसा राहिला नाही. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावते. म्हणजे रोज जास्त पाऊस पडतो असे नव्हे. महानदीचे खोरे ज्या मध्य भारतीय पट्ट्यात मोडते, तिथे 1950 नंतर मोसमी पावसाची एकूण बेरीज घटत गेली. उलट अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पामुळे 1950 ते 2015 या काळात मोठ्या भूभागावरील अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांच्या नेतृत्वाखालील 2017 च्या अभ्यासात दिसले. थोडक्यात, मधले दिवस कोरडे आणि मग एकदम लोंढा. (विषम वाटपाचा अनुभव आपल्याला नवा नाही!)

यावरून काही मंडळी म्हणतात, मोठ्या साठ्याचा विचारच कालबाह्य झाला. आम्हाला हे पटत नाही. पाऊस जितका विषम, तितकी साठवणुकीची गरज मोठी. चुकते आहे ते साठ्याचे वेळापत्रक. वीज, कालवे आणि कारखान्यांसाठी धरण पावसाळा संपता संपता भरून ठेवायचे, आणि नेमका सप्टेंबरात लोंढा आला की त्याला जागा नाही. शिवाय तेल ही उपनदी धरणाच्या खाली मिळते, तिच्या पाण्याला हिराकुड रोखू शकत नाही. सप्टेंबर 2011 मध्ये त्रिभुज प्रदेशातल्या गावांनी हे भोगले.

आणि ज्यांची घरे-शेते हिराकुडच्या पाण्याखाली गेली, त्या लाखाहून अधिक माणसांपैकी किती जणांना या वेळापत्रकाबद्दल कुणी कधी विचारले?