डफ, गिरणी आणि मॉल

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास सांगताना संपांच्या तारखा, बोनसच्या मागण्या आणि मालकांचे डावपेच यांची नोंद होते. कामगार पाळी संपल्यावर काय ऐकत होता, हे मात्र तळटीपेत जाते. वास्तविक त्याची एकजूट युनियनच्या कचेरीत जितकी घडली, तितकीच चाळीच्या पटांगणात डफाच्या थापेवर घडली.

ती आपोआप आली नव्हती. गिरणीत जातिधर्माची विभागणी खात्याखात्यांत होती. साचेखात्यात पगार बरा. तिथे मराठा कामगार आणि मोमिन विणकर असत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या कल्पनेने दलितांना त्या खात्याची दारे बंद होती. १९२८च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी याच अन्यायावर बोट ठेवले. तेल कंपनीतील संपकऱ्यांच्या जागी पठाण कामावर घेतले गेले, आणि त्या तणावातून फेब्रुवारी १९२९मध्ये शहरात हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. भाकरीचे भांडण धर्माचे व्हायला वेळ लागला नाही.

या पार्श्वभूमीवर १९४४ साली स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकाकडे पाहावे लागते. वाटेगावच्या मांगवाड्यातून आलेले अण्णाभाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे तिघे एका मंचावर उभे राहिले. अमर शेखांचे मूळ नाव महबूब हुसेन पटेल. कामगारांच्या लढ्यात ते बार्शीतच उतरले होते. त्यांच्या पहाडी आवाजाला गिरणगावाने आपला आवाज मानले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईवरचा मराठी माणसाचा हक्क एक मुसलमान शाहीर खड्या मराठीत मांडत होता आणि हजारोंचा जमाव त्याला साथ देत होता. मराठी मुसलमानाला आपले मराठीपण सिद्ध करावे लागते, अशा आजच्या काळात ही गोष्ट पुन्हा सांगायला हवी.

या करमणुकीची मालकी ऐकणाऱ्यांकडेच होती. गाण्याचा विषय त्यांच्या जगण्यातून येई आणि कार्यक्रमाचा पैसा पुष्कळदा चळवळीच्या कामी येई. म्हणूनच सत्तेला तिची धास्ती वाटली. मोरारजी देसाईंच्या काळात कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. तमाशावर बंदी आली, तेव्हा त्याचे ‘लोकनाट्य’ झाले आणि डफ वाजत राहिला.

१९६९च्या जुलैत अण्णाभाऊ गेले, ऑगस्टमध्ये अमर शेख. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. १९४६च्या औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच ठेवला होता. कामगारांनी निवडलेल्या नेत्याशी बोलण्याचे बंधन मालकांवर नव्हते. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, तो विरत गेला. दहा वर्षांनी, १९९२-९३च्या दंगलीत, शेजाऱ्याला शेजाऱ्याशी बांधणारा तो धागा किती झिजला होता हे दिसून आले.

पुढे गिरण्यांची जमीन सोन्याच्या भावाची झाली. १९९१च्या नियमाने तिचे तीन वाटे होणार होते : मोकळी जागा, परवडणारी घरे आणि मालक. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि पहिले दोन वाटे आक्रसले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती कायम ठेवली. फिनिक्स मिलमध्ये मॉल आला, कमला मिलमध्ये कचेऱ्या, हॉटेले आणि पब आले. डिसेंबर २०१७मध्ये तिथल्या आगीत चौदा माणसे गेली.

म्हणजे त्या भूमीवर करमणूक आजही आहे, फक्त तिचे मालक बदलले. पूर्वी श्रोता आणि श्रमिक एकच होता. आता तिकीट काढणारा वेगळा आणि दारावर उभा असलेला कंत्राटी रक्षक वेगळा. त्या रक्षकाचीही पाळी असते, त्यालाही पगार पुरत नाही. त्याचे नाव महबूबही असू शकते, तुकारामही. त्या दोघांना एका आवाजात गाता येईल असे पटांगण या शहरात उरले आहे का, हा खरा प्रश्न आहे.