चालायचं कुठं? बागांच्या पैशांची गोष्ट

‘रोज अर्धा तास चाला.’ डायबेटिस असो, बीपी असो, झोप न लागणे असो की पोट साफ न होणे, माझ्या प्रिस्क्रिप्शनच्या तळाशी हे वाक्य असतेच. तुमच्यापैकी अनेकांनी ते वाचून मनातल्या मनात म्हटलेही असेल, डॉक्टरांना सांगायला काय जातंय, चालायचं कुठं? होम मैदान किंवा पार्क चौकाजवळ राहणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. पण आपल्या पूर्व भागात, जिथे एका खोलीत यंत्रमाग आणि दुसऱ्या खोलीत संसार असतो, तिथे मोटारसायकली आणि कुत्र्यांमधून वाट काढत अर्धा तास चालायचे म्हणजे व्यायाम कमी आणि धोका जास्त. दिवसाचे आठ-दहा तास मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईंना चालण्याची सर्वांत जास्त गरज असते. चालायला जागा नेमकी त्यांच्याच घराजवळ नसते.

म्हणून आज गोळ्यांविषयी नाही, जागेविषयी लिहितो. बागेला आणि मैदानाला पैसे कोण देतो, कधीपासून देतो आणि ते कुठे अडतात, हा इतिहास तुमच्या शुगरच्या रिपोर्टशी वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

सार्वजनिक बाग ही कल्पना रुजली त्यात डॉक्टरांचा हात मोठा होता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडची शहरे गिरण्यांमुळे फुगली. माणसे दाटीने राहू लागली आणि १८३२ मध्ये कॉलऱ्याची साथ आली. पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, लोकांना फिरायला मोकळ्या जागा किती आहेत हे पाहण्यासाठी पार्लमेंटने एक समिती नेमली. श्रीमंतांना खासगी बागा होत्या, कामगारांना जवळजवळ काहीच नव्हते. १८३९ मध्ये विल्यम फार या गृहस्थांनी (शिक्षण वैद्यकाचे, काम मृत्यूंच्या आकडेवारीचे) सरकारी अहवालात लिहिले, की लंडनच्या पूर्व भागात एक मोठी बाग केली तर वर्षाकाठी कित्येक हजार मृत्यू टळतील. लंडनचा पूर्व भाग म्हणजे विणकर, गोदी कामगार, दाट वस्ती. आपल्याला ओळखीचे वाटावे असे वर्णन आहे. १८४० मध्ये ३०,००० लोकांनी सह्या करून राणीकडे बागेची मागणी केली. पैसे कुठून आणायचे? सरकारने यॉर्क हाऊस हा आपला एक राजेशाही वाडा ७२,००० पौंडांना एका सरदाराला दिला आणि त्या पैशातून जमीन घेतली. १८४५ मध्ये व्हिक्टोरिया पार्क लोकांसाठी खुले झाले. श्रीमंतांच्या वस्तीतला वाडा विकून गरिबांच्या वस्तीत बाग, असा हिशेब नंतर फारसा कोणी मांडलेला मला दिसत नाही.

गंमत अशी, की त्या डॉक्टरांचे शास्त्र चुकीचे होते. रोग दुर्गंधीतून, ‘दूषित हवे’तून पसरतात असे त्यांना वाटे. कॉलरा पाण्यातून पसरतो हे जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवले, आणि तेही पटायला बराच काळ गेला. म्हणजे बागांनी कॉलरा थांबणार नव्हता. पण औषध चुकीच्या कारणासाठी दिले तरी कधीकधी दुसऱ्याच आजाराला लागू पडते, तसे इथे झाले. आजच्या डायबेटिस, हृदयविकार आणि उदासपणाच्या काळात ती बाग कामाची ठरते. चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून वापरतात, इतके ते सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम सांगते, तो आमचा ‘रोज अर्धा तास’च आहे; आठवड्यातले पाच दिवस.

बागेसाठी अनुदान ही पद्धतही त्याच काळातली. १८४० च्या सुमारास पार्लमेंटने फिरण्याच्या जागांसाठी १०,००० पौंड मंजूर केले. मँचेस्टरला त्यातले ३,००० मिळाले. बाकीची रक्कम लोकांनी वर्गणी काढून जमवली आणि १८४६ मध्ये तिथे एकाच दिवशी तीन बागा खुल्या झाल्या. थोडे सरकारचे, जास्त गावाचे. आजच्या आपल्या योजनांमध्येही ‘हिस्सा’ हा शब्द येतो, त्याचे मूळ हेच.

पण मला सर्वांत बोलके उदाहरण वाटते ते डर्बी या गावाचे. तिथल्या जोसेफ स्ट्रट या गिरणीमालकाने १८४० मध्ये ११ एकरांची सुंदर बाग गावाला दान दिली. जमीन दिली, झाडे दिली, वाटा आखून दिल्या. देखभालीसाठी ठेव मात्र ठेवली नाही. मग माळ्यांचे पगार निघावेत म्हणून बागेला तिकीट लावावे लागले. आठवड्यातले दोनच दिवस, रविवार आणि बुधवार, प्रवेश फुकट. ज्या कामगारांसाठी बाग केली त्यांना उरलेले पाच दिवस पैसे मोजावे लागत. हे तिकीट १८८२ पर्यंत चालले. ही अडचण लक्षात ठेवा; सोलापूरला आल्यावर ती पुन्हा भेटणार आहे.

आपल्याकडे हा विचार जोरात आला तो प्लेगमुळे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला आणि दाट चाळींतून पसरला. १८९८ मध्ये सरकारने ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, हवा खेळेल अशी नवी वस्ती वसवायची, हे त्याचे काम. वस्ती पाडलेल्यांपैकी किती जणांना नवी घरे मिळाली, ही त्या ट्रस्टची दुखरी बाजू आहे. पण दादर-माटुंग्याची रुंद रस्त्यांची, बागांची आखणी त्यातूनच आली. पुढे १९२५ मध्ये मुंबई महापालिकेने माहीम पार्क खुले केले. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याचे नाव शिवाजी पार्क झाले. आज तिथे सकाळी फिरणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल, की या मोकळ्या मैदानांमागच्या विचारात एका साथीच्या आजाराचा वाटा आहे!

आता आपले गाव. सोलापुरात मोकळी जागा ही इंग्रजांची देणगी नाही. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी भक्तांच्या श्रमातून तळे करवून घेतले असे परंपरा सांगते. पाणी हवे होते म्हणून तळे झाले, तळ्याकाठी माणसे जमू लागली. शेजारी भुईकोट किल्ला, पुढे होम मैदान, जिथे मकर संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते. म्हणजे शहराची सर्वांत मोठी मोकळी जागा देवस्थान, किल्ला आणि यात्रा यांनी राखून ठेवली.

नगरपालिका १८५२ मध्ये आली. १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी, आपली ‘जुनी मिल’, उभी राहिली आणि गाव गिरण्यांचे झाले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून माणसे आली, हातमाग आले, मग यंत्रमाग. शहर पूर्वेला पसरले. पण तळे, किल्ला आणि मैदान जिथे होते तिथेच राहिले. आजची असमानता कोणी बसून आखलेली नाही. जुन्या मोकळ्या जागा मध्यभागी राहिल्या आणि नवी गर्दी दुसरीकडे वाढली.

१ मे १९६४ ला महापालिका झाली. ज्या १९४९ च्या कायद्यावर राज्यातल्या बहुतेक महापालिका चालतात, त्यात पाणीपुरवठा, गटारे, सफाई ही कामे बंधनकारक आहेत. बागा आणि क्रीडांगणे ही ऐच्छिक कामांत मोडतात. ऐच्छिक म्हणजे पैसे उरले तर. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येते तेव्हा बागेसाठी पैसे उरणे अवघडच. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आला. जबाबदारी लिहिली गेली, तिजोरी तशीच राहिली.

मग बाहेरचा निधी आला. १९९३ मध्ये खासदार निधी सुरू झाला (२०११-१२ पासून प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी). त्या निधीच्या नियमांत देखभालीच्या कामांना कितीतरी वर्षे मनाई होती. नवे बांधा, जुने सांभाळायला मागू नका! २०१५ मध्ये केंद्राची अमृत योजना आली. तिच्यात हिरव्या जागा आणि बागा हा स्वतंत्र भाग होता, ही चांगली गोष्ट. पण १०० रुपयांतले जास्तीत जास्त अडीच रुपये त्यावर खर्च करता येत; बाकी मुख्यतः पाणी आणि मलनिस्सारण. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या दहा लाखांच्या आत, साडेनऊ लाखांच्या आसपास होती, म्हणून निम्मा वाटा केंद्राचा.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर आले. पेढे वाटलेले तुम्हालाही आठवत असतील. प्रत्येक शहराला केंद्राचे ५०० कोटी, आणि तेवढेच राज्याने व महापालिकेने मिळून घालायचे. होम मैदानाचे आणि पार्क स्टेडियमचे काम यातूनच झाले. होम मैदानाच्या कामाचे मी डॉक्टर म्हणून स्वागत केले, कारण त्या मैदानावरची धूळ हा दम्याच्या पेशंटांचा जुना शत्रू. गड्ड्याच्या दिवसांत खोकल्याचे पेशंट वाढलेले शहरातल्या कोणत्याही डॉक्टरला विचारा. आपले शहर हवेच्या बाबतीत राष्ट्रीय मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात या शहरांना धूळ कमी करण्यासाठी पैसे मिळतात, त्यात हिरवळ आणि झाडेही बसतात.

पण स्मार्ट सिटीचा मोठा पैसा ‘क्षेत्राधारित विकास’ या नियमाने चाले. शहराने एक पट्टा निवडायचा आणि तिथेच काम दाखवायचे. आपण निवडला तो मध्यवर्ती भाग. जिथे चालायला आधीच जागा होती तिथली जागा अधिक चांगली झाली. विडी घरकुलातल्या बाईंना त्याचा उपयोग किती? रिक्षाचे जाऊन-येऊन भाडे देऊन कोणी रोज चालायला येत नाही.

आणि आता डर्बीची अडचण. योजनेचा पैसा बांधकामाचा असतो. उद्घाटन होते, फोटो येतात, मग माळी, पाणी, वॉचमन, दिव्याचे बिल हे सगळे महापालिकेच्या अंगावर. आमच्या भाषेत सांगायचे तर ऑपरेशनला अनुदान आहे, ड्रेसिंगला नाही. टाके चांगले घातले आणि ड्रेसिंगच केले नाही तर जखमेचे काय होते, हे डायबेटिस असलेल्यांना वेगळे सांगायला नको. ओपन जिमची मोडलेली पॅडल आणि वाळलेले लॉन ही तीच जखम. सोलापूरच्या मे महिन्यात पाण्याशिवाय लॉन जगेल अशी अपेक्षा करणेही चूकच. मला विचाराल तर लॉनऐवजी कडुनिंब आणि वड लावा, खाली मुरुमाची वाट करा आणि एक दिवा ठेवा. चालणाऱ्याला सावली आणि सपाट जमीन लागते, कारंजे नाही.

मोठ्या बागेचीच गरज असते असेही नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात ५४१ पडीक प्लॉट घेऊन चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी केली गेली. काहींवर कचरा काढून गवत, थोडी झाडे आणि छोटे कुंपण, काहींवर फक्त सफाई, काही तसेच. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. हिरव्या केलेल्या प्लॉटजवळच्या लोकांत ‘उदास वाटते’ असे सांगण्याचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक घटले. नुसत्या सफाईने तसा फरक पडला नाही. एका प्लॉटला सुमारे १,६०० डॉलर लागले आणि पुढे देखभालीला वर्षाला १८० च्या आसपास. हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा, कारण तो आधीच धरलेला होता.

असे प्लॉट आपल्याकडेही आहेत. ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकरापेक्षा मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. तुमच्या सोसायटीत जिथे मंडप पडतो, वाळू पडते किंवा कोणाची तरी टपरी उभी आहे, ती बहुधा हीच जागा. शिवाय विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षण असते, पण त्यालाही मुदत असते. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांत (२०१५ च्या दुरुस्तीनंतरची मुदत) पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. बाग कागदावरूनही जाते.

तेव्हा पुढच्या वेळी शुगर तपासायला येण्याआधी एक काम करा. चार शेजाऱ्यांना घेऊन झोन ऑफिसमध्ये जा आणि तीन गोष्टी विचारा: आपल्या भागातली खुली जागा कोणती आणि कोणाच्या ताब्यात आहे, बागेच्या आरक्षणाची तारीख काय, आणि यंदाच्या बजेटमध्ये त्या जागेच्या देखभालीला, बांधकाम सोडून, किती रक्कम आहे. तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याला १० रुपये लागतात आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.