पंढरीच्या विठ्ठलाचे पाय आणि महाद्वाराबाहेरचा चोखोबा

आषाढी यात्रा जवळ आली की पंढरपूरच्या मंदिरात विठ्ठलाचा पलंग काढला जातो. लाखो वारकरी दारी उभे असताना देवाने निजावे तरी कसे? त्या दिवसांत शेजारती होत नाही, देवाच्या पाठीशी लोड दिला जातो आणि दर्शन अहोरात्र चालते. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते. देवाला गरम पाण्याने स्नान घातले जाते, शीण जावा म्हणून काढा दिला जातो आणि मग पलंग पुन्हा जागेवर येतो.

देवही माणसासारखा दमतो, असे मानणारी ही उपासना. तिचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे पदस्पर्श. भाविक गाभाऱ्यात जाऊन विठ्ठलाच्या पायांवर प्रत्यक्ष डोके ठेवतो. मोठ्या देवस्थानांत ही मुभा विरळाच.

ही मुभा मात्र सर्वांना नव्हती.

मंदिराचा लिखित इतिहास जुना आहे. सोळखांबी मंडपातील एका तुळईवर इ.स. १२३७ चा शिलालेख आहे; होयसळ राजा सोमेश्वराने विठ्ठलाच्या भोगासाठी दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. त्यानंतरचा चौऱ्याऐंशीचा शिलालेख १२७३ ते १२७७ या काळातील. ही देणगीदारांची यादीच असून तीत देवगिरीच्या रामदेवराव यादवाचे आणि त्याचा मंत्री हेमाद्री याचेही नाव येते. या शिळेला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत रूढ झाली. अक्षरे त्या श्रद्धेने झिजली. भाविकांची पाठ अभ्यासकांना अशी महागात पडली.

त्याच युगातला मंगळवेढ्याचा चोखामेळा. जातीने महार, नामदेवांच्या संतमेळ्यातला अभंगकार. विठ्ठलावर रचना करणाऱ्या या संताला विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश नव्हता. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली तो गेला. ढिगाऱ्यातील ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या नामदेवांनी वेचून आणल्या, असे परंपरा सांगते. समाधी बांधली गेली ती महाद्वारासमोर, म्हणजे मंदिराबाहेरच. मृत्यूनंतरही उंबरठा ओलांडता आला नाही.

आत पूजेची घडी घराण्यांच्या हाती होती. बडवे मंदिराचे व्यवस्थापक, त्यांच्या जोडीला सात सेवाधारी. पुजारी पूजा करी, बेणारी मंत्र म्हणे, परिचारक पाणी आणी, हरिदास पदे गाई, डिंगरे आरसा दाखवी, दिवटे मशाल धरी, डांगे चांदीची काठी घेऊन उभा राही. रुक्मिणीची सेवा उत्पातांकडे. कामांची ही वाटणी देखणी होती खरी. पण सेवेबरोबर हक्क आले आणि हक्कांबरोबर उत्पन्न. पुढची भांडणे त्यातूनच वाढली.

१९४७ च्या आरंभी साने गुरुजींनी हे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला. सेनापती बापट सोबतीला होते. दार उघडेना, तेव्हा १ मे रोजी गुरुजींनी पंढरपुरातच उपोषण आरंभले. त्यासाठी जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने, म्हणजे वारकरी परंपरेतीलच एका मठाने. सनातनी विरुद्ध सुधारक एवढी सरळ मांडणी येथे पुरत नाही. खुद्द गांधीजींनी उपोषण सोडण्याविषयी तार केली. ज्यांना आयुष्यभर गुरू मानले त्यांचाही शब्द गुरुजींनी या वेळी ऐकला नाही. सुमारे दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

पुढच्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेणारा आपला ग्रंथ तिघा संतांच्या स्मृतीला अर्पण केला: नंदनार, रविदास आणि चोखामेळा.

दर्शन खुले झाले, पूजेचा अधिकार मात्र वंशपरंपरागतच राहिला. १९७३ च्या पंढरपूर मंदिरे कायद्याने बडवे, उत्पात आणि सेवाधाऱ्यांचे हक्क रद्द केले. त्याविरुद्धची न्यायालयीन लढाई दशकानुदशके चालली आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपली. निकाल शासनाच्या बाजूने लागला. काही महिन्यांतच मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या नेमणुकीसाठी जाहिरात दिली. तीत जातीची अट नव्हती, आणि स्त्रियांनाही अर्ज करता येत होता.