वाइनचा चोथा, अल्ट्रासाऊंड आणि कॅन्सरच्या पेशी: लॅबमध्ये नेमकं काय होतं?

‘द्राक्षाच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मारल्या’ अशा अर्थाची पोस्ट अधूनमधून कुठल्या ना कुठल्या फॅमिली ग्रुपवर येतेच. कधी त्यात द्राक्षाच्या बिया असतात, कधी रेड वाइन, तर कधी वाइन बनवून उरलेला चोथा आणि त्याच्या जोडीला अल्ट्रासाऊंड. घरात कुणाची किमो सुरू असेल तर अशी पोस्ट नुसती वाचून सोडून दिली जात नाही. कुणीतरी ऑनलाइन कॅप्सूल मागवतं, कुणीतरी डॉक्टरांना न सांगता त्या सुरूही करतं.

गंमत म्हणजे अशी पोस्ट बऱ्याचदा साफ खोटी नसते. अभ्यास खरंच झालेला असतो, पेशीही खरंच मेलेल्या असतात. फक्त त्या प्लास्टिकच्या डिशमध्ये मेलेल्या असतात. डिशपासून माणसाच्या शरीरापर्यंतचं अंतर किती आहे, ते समजून घ्यायचं तर आधी चोथ्यापासून सुरुवात करावी लागेल.

चोथ्यात असं आहे तरी काय?

रेड वाइन बनवताना काळी द्राक्षं सालीसकट आंबवतात आणि मग दाबून रस काढून घेतात. मागे उरतो तो चोथा, म्हणजे साली, बिया आणि थोडेफार देठ. द्राक्षाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा चोथ्यात जातो. जानेवारी ते मार्च या हंगामात नाशिक आणि दिंडोरी भागातल्या वायनरींमध्ये त्याचे ढीग लागतात. इटलीत याच चोथ्यापासून ‘ग्राप्पा’ नावाची दारू गाळतात, बियांचं तेल काढतात, काही चोथा जनावरांच्या खाद्यात जातो आणि बराचसा खतात. पण तो कच्चा शेतात टाकला तर आंबटपणामुळे आणि त्यातल्या रसायनांमुळे बियाणं नीट उगवत नाही. त्यामुळे त्याचं काहीतरी करणं ही वाइन उद्योगाची खरी अडचण आहे.

शास्त्रज्ञांना रस आहे तो या रसायनांमध्येच. त्यांना पॉलिफेनॉल म्हणतात. सालीतला जांभळा रंग, बिया चावल्यावर लागणारा तुरटपणा हे सगळं त्यांचंच काम. दाबून रस काढला तरी पॉलिफेनॉलचा मोठा वाटा साली आणि बियांमध्येच राहतो. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे रेझव्हेराट्रॉल. १९९२ मध्ये वाइनमध्ये ते सापडल्याचं प्रसिद्ध झालं. १९९७ मध्ये शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या जर्नलमध्ये लिहिलं, की हे रसायन पेशींमध्ये आणि उंदरांच्या त्वचेवर कॅन्सरची वाढ रोखतं. त्यानंतर यावर हजारो पेपर निघाले.

अल्ट्रासाऊंड मध्येच कुठून आला?

माणसाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापुढचा तो अल्ट्रासाऊंड. या विषयावरचे पेपर शोधायला गेलं की पहिला गोंधळ इथेच होतो, कारण चोथ्याच्या संशोधनात अल्ट्रासाऊंड दोन वेगळ्या कामांसाठी येतो.

पहिलं काम अर्क काढण्याचं. चोथा वाळवून, दळून, पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात घालतात आणि त्यात २० ते ४० किलोहर्ट्झच्या लहरी सोडतात. लहरींमुळे बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात, सालीच्या पेशींच्या भिंती तुटतात आणि रसायनं लवकर बाहेर येतात. ‘द्राक्षाचा चोथा आणि अल्ट्रासाऊंड’ असं शोधल्यावर दिसणारे बरेचसे पेपर याच प्रकारचे असतात. त्यांचा उपचाराशी संबंध नाही.

दुसरं काम उपचाराचं. गुडघा किंवा खांदा दुखतो म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर जेल लावून एक गोल डोकं फिरवतात, तेच मशीन. त्याच्या लहरी १ ते ३ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १० ते ३० लाख कंपनांच्या असतात. सोनोग्राफीशी याचा गोंधळ करू नये. सोनोग्राफीत लहरी परत येऊन चित्र बनतं, इथे लहरींची ऊर्जा आत सोडणं एवढाच हेतू असतो.

ही दोन टोकं एकत्र आणण्यामागचा विचार असा की लहरींमुळे पेशीचं आवरण काही क्षणांपुरतं सैल होतं आणि औषध आत शिरायला मदत होते. शिवाय काही रसायनं लहरी पडल्यावर जास्त जहाल होतात. जपानमध्ये युमिता आणि उमेमुरा यांनी १९८९ मध्ये हेमॅटोपॉर्फिरिन नावाच्या रसायनावर हे दाखवलं होतं. त्यातूनच ‘सोनोडायनॅमिक थेरपी’ ही शाखा निघाली.

प्रयोगात पेशींचे निदान चार गट लागतात: काहीच न दिलेला, फक्त अर्क दिलेला, फक्त लहरी दिलेला आणि दोन्ही दिलेला. ‘फक्त अर्क’ असलेल्या डिशलाही मशीनचं डोकं लावावं लागतं, फक्त ते बंद ठेवून. नाहीतर डिश हलवल्याचा, थंड झाल्याचा परिणामही अर्काच्या खात्यावर जमा होतो. पेपर वाचताना आधी हे चार गट शोधावेत. ते नसतील तर ‘जोडीने जास्त असर’ या दाव्याला पाया नाही.

डिशमधला डोस आणि रक्तातला डोस

आता मुख्य मुद्दा. डिशमधल्या कॅन्सरच्या पेशी खूप गोष्टींनी मरतात. मिठाच्या तीव्र पाण्याने मरतात, फिनेलनेही मरतात. त्यामुळे प्रश्न ‘मेल्या का’ हा नसून ‘कितीने मेल्या’ आणि ‘तेवढं रक्तात पोचतं का’ हा आहे.

२००४ मध्ये अमेरिकेत सहा जणांना २५ मिलिग्रॅम रेझव्हेराट्रॉल तोंडाने देऊन त्यांचं रक्त तपासलं. सुमारे ७० टक्के रसायन आतड्यातून शोषलं गेलं, म्हणजे सुरुवात चांगली झाली. पण आतडं आणि यकृत त्याला लगेच दुसऱ्या रूपात बदलून टाकतात. मूळ रूपातलं रेझव्हेराट्रॉल रक्तात मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमपेक्षाही कमी सापडलं. लॅबच्या भाषेत हे ०.०२ मायक्रोमोलरच्या आसपास येतं. डिशमध्ये मात्र १० ते १०० मायक्रोमोलर सर्रास वापरतात. मधला ५० चा आकडा धरला तरी फरक दोन हजार पटींहून जास्त होतो.

मग जास्त खाल्लं तर? २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात लठ्ठ उंदरांना रोज किलोमागे सुमारे २२ मिलिग्रॅम रेझव्हेराट्रॉल दिलं होतं आणि ते जास्त जगले. उंदराचा डोस माणसाला लावताना तो साधारण बारा पटींनी कमी धरतात. तरीही ६० किलोच्या माणसाला रोज १०० मिलिग्रॅमहून जास्त लागेल. रेड वाइनमध्ये लिटरला ५ मिलिग्रॅम आहे असं अगदी उदारपणे मानलं, तरी रोज वीस लिटर वाइन झाली!

कॅप्सूलमधून मोठा डोस देणं शक्य आहे, आणि ते करूनही पाहिलं गेलं. औषध कंपनी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने २००८ मध्ये ७२ कोटी डॉलर मोजून या विषयावर काम करणारी सर्ट्रिस ही कंपनी विकत घेतली. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांना रोज ५ ग्रॅम रेझव्हेराट्रॉल देण्याची चाचणी झाली. काही रुग्णांची मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली आणि २०१० मध्ये चाचणी थांबवावी लागली. या कॅन्सरमध्ये मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो, त्यामुळे सगळा दोष रसायनाचाच असं म्हणता येत नाही. पण ‘द्राक्षातलंच आहे, त्याने काय होतंय’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

वाइनमुळे माणसं जास्त जगतात का, याचंही उत्तर शोधलं गेलं. इटलीच्या कियान्ती भागातल्या ६५ वर्षांवरच्या ७८३ लोकांच्या लघवीतून त्यांच्या आहारातलं रेझव्हेराट्रॉल मोजलं. २०१४ मध्ये निकाल आला: त्याचं प्रमाण जास्त असलेल्यांमध्ये मृत्यू, हृदयविकार किंवा कॅन्सर कमी आढळले नाहीत.

डिश स्वतःही फसवते

पॉलिफेनॉलला अँटिऑक्सिडंट म्हणतात, म्हणजे पेशींचं नुकसान करणाऱ्या फ्री रॅडिकलना शांत करणारं. पण ज्या पोषक द्रवात पेशी वाढवतात त्यात यातली काही रसायनं उलटंच वागतात. सिंगापूरमध्ये काम करणारे बॅरी हॅलिवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं, की कॅटेचिन आणि क्वेर्सेटिनसारखी पॉलिफेनॉल या द्रवात टाकली की हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन हायड्रोजन पेरॉक्साईड तयार होतं. जखम धुवायला वापरतात तेच. म्हणजे काही वेळा पेशी द्राक्षाच्या गुणाने मरत नाहीत, डिशमध्ये आपोआप बनलेल्या पेरॉक्साईडने मरतात. शरीरात असं सहसा घडत नाही. तिथे ऑक्सिजन कमी असतो आणि पेरॉक्साईड मोडून टाकणारी एन्झाइम भरपूर असतात.

मोजणीतही गफलत होऊ शकते. पेशी जिवंत आहेत का हे पाहायला एमटीटी नावाची चाचणी वापरतात. जिवंत पेशी पिवळ्या रसायनाचं जांभळ्यात रूपांतर करतात, जितका जांभळा रंग गडद तितक्या पेशी जास्त. पण पॉलिफेनॉल हे रूपांतर पेशींशिवायही करू शकतं. त्यामुळे मेलेल्या पेशीही आकड्यात जिवंत दिसण्याची शक्यता असते. म्हणून निकाल दुसऱ्या पद्धतीनेही तपासलेला असेल तरच त्याला वजन द्यावं.

अल्ट्रासाऊंडची फसवणूक आणखी वेगळी. डिशच्या खालून लहर सोडली की ती द्रवातून वर जाते आणि हवेला लागताच जवळजवळ सगळी परत फिरते. येणारी आणि जाणारी लहर एकमेकींत मिसळून काही ठिकाणी जोर दुप्पट होतो, काही ठिकाणी शून्य. १ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी पाण्यात दीड मिलिमीटर असते. त्यामुळे द्रव अर्धा मिलिमीटर कमी-जास्त भरला तरी पेशींना मिळणारी मात्रा बदलते, मशीनवरचा आकडा मात्र तोच राहतो. प्लास्टिकही तापतं. ३७ अंशांत सुखाने जगणाऱ्या पेशींचं तापमान ४३ अंशांवर गेलं की त्या उष्णतेनेच मरायला लागतात. ज्या पेपरमध्ये द्रवाचं तापमान मोजलेलं नाही, तिथे पेशी लहरीने मेल्या की शिजून मेल्या हे सांगायला जागाच नाही.

भरीस भर म्हणजे लहरींमुळे द्रवात बुडबुडे फुटले तर तिथेही फ्री रॅडिकल आणि पेरॉक्साईड तयार होतं. आता यात चोथ्याचा अर्क घाला. अर्क त्या रॅडिकलना शांत करेल की स्वतःचं पेरॉक्साईड त्यात मिसळेल, हे मात्रेवर आणि द्रवावर ठरतं. म्हणूनच ही जोडी एका प्रयोगात स्नायूंच्या पेशींना वाचवताना दिसू शकते आणि दुसऱ्या प्रयोगात कॅन्सरच्या पेशींना मारताना. दोन्ही निकाल प्रामाणिक असू शकतात.

माणसांवर अल्ट्रासाऊंडचं काय झालं?

इथला एक किस्सा चोथ्याच्या पोस्ट फॉरवर्ड करणाऱ्यांनी वाचायलाच हवा. अगदी सौम्य लहरींनी मोडलेलं हाड लवकर जुळतं, असं पेशींवर, प्राण्यांवर आणि लहान चाचण्यांत दिसलं होतं. १९९४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा यंत्राला मंजुरी दिली. रोज २० मिनिटं घरीच लावायचं यंत्र, रुग्णांनी ते वर्षानुवर्षं वापरलं. मग नडगीचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या ५०१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. अर्ध्यांना खरं यंत्र, अर्ध्यांना तसंच दिसणारं पण लहरी न सोडणारं. २०१६ मध्ये निकाल आला: काहीच फरक नाही. पुढच्याच वर्षी ‘बीएमजे’मध्ये तज्ज्ञांच्या गटाने ते वापरू नये अशी शिफारस केली. मंजुरीपासून इथवर यायला २३ वर्षं लागली.

म्हणून अल्ट्रासाऊंड निरुपयोगी ठरत नाही. जोरदार लहरी एका बिंदूवर एकवटून गर्भाशयातल्या गाठी जाळण्याच्या पद्धतीला २००४ मध्ये एफडीएची मंजुरी मिळाली. लहरींच्या बुडबुड्यांनी यकृतातल्या गाठींचा चुरा करणाऱ्या ‘हिस्टोट्रिप्सी’ला २०२३ मध्ये मिळाली. पण ही यंत्रं फिजिओथेरपीच्या मशीनपेक्षा कैक पटींनी ताकदवान असतात आणि लहर नेमकी कुठे पडतेय हे चित्रात बघत चालवावी लागतात. गाठीच्या जागी घरच्या घरी अल्ट्रासाऊंडचं मशीन फिरवणं हा प्रकार यात बसत नाही. कॅन्सरच्या गाठीवर ते वापरू नये, असं फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनाच शिकवलं जातं.

मग चोथ्यातून काहीच निघणार नाही?

एक जागा अशी आहे जिथे डोसचं गणित जमू शकतं. तोंडाने घेतलेलं रेझव्हेराट्रॉल रक्तात टिकत नसलं तरी आतड्याच्या अस्तराला ते थेट भेटतं. इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या २० रुग्णांना ऑपरेशनआधी आठ दिवस रोज अर्धा किंवा एक ग्रॅम रेझव्हेराट्रॉल दिलं. काढलेल्या गाठींत ते चांगल्या प्रमाणात सापडलं आणि पेशींची वाढ सुमारे ५ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. हा निकाल २०१० चा. पाच टक्के म्हणजे उपचार नव्हे, पण डिशबाहेर, माणसाच्या आत मोजलेला हा आकडा आहे.

त्याच गटाने २०१५ मध्ये उंदरांवर पाहिलं तेव्हा आणखी वेगळं दिसलं. जास्त चरबीचा आहार घेणाऱ्या उंदरांमध्ये मोठ्या डोसपेक्षा लहान डोसच जास्त परिणामकारक ठरला. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये आतड्यात पॉलिप सापडलेल्या लोकांसाठी एक मोठी चाचणी सुरू झाली. तिच्यात तपासल्या जाणाऱ्या औषधांमध्ये रेझव्हेराट्रॉलही आहे, आणि त्याचा रोजचा डोस आहे ५ मिलिग्रॅम. ऑनलाइन दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक कॅप्सूलमध्ये याच्या कितीतरी पट जास्त असतं.