चाळिशीचे वजन आणि काट्याची मर्यादा

वाशीम जिल्ह्यात माणसांची वजने दोन ठिकाणी आणि दोन वेगळ्या काळज्यांपोटी होतात. अंगणवाडीत सेविका मुलाला काट्याला लावते, तेव्हा प्रश्न असतो, ‘वजन वाढत का नाही?’ त्याच घरातली आजी किंवा आजोबा तालुक्याच्या दवाखान्यात काट्यावर उभे राहतात, तेव्हा प्रश्न असतो, ‘वजन उतरत का नाही?’ २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीत वाशीमचे नाव होते आणि आरोग्य व पोषण हे त्या कार्यक्रमाचे एक प्रमुख अंग होते. म्हणजे पहिला प्रश्न अजून सुटलेला नाही, तोच दुसरा दारात येऊन उभा राहिला.

वरवर पाहता हे प्रश्न एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पण ते एकाच साखळीची दोन टोके असावीत, असे आता वैज्ञानिकांना वाटते. हा विचार कसा घडत गेला, आणि चाळिशी-पन्नाशीत वाढलेले वजन एवढे हट्टी का असते, हे आपण इतिहासाच्या वाटेने पाहू.

प्रश्न जुना, पण थोड्यांचा

स्थूलपणाची चिकित्सा आपल्याकडे प्राचीन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ प्रकारच्या निंदित शरीरांचा विचार आहे. त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश यांचे वर्णन सर्वांत विस्ताराने येते. अतिआहार, व्यायामाचा अभाव, दिवसा झोपणे ही कारणे तिथे आहेतच, पण ‘बीजस्वभाव’ म्हणजे आईबापांकडून आलेली प्रवृत्ती हेही एक कारण सांगितले आहे. स्थूल माणसाची भूक कमी न होता वाढते, आणि कृशापेक्षा स्थूलावर उपचार करणे अवघड असते, ही निरीक्षणेही तिथे आढळतात. उपाय म्हणून जव, मूग, कुळीथ अशी पोट भरणारी पण पुष्ट न करणारी धान्ये सुचवली आहेत. वजन हट्टी असते, हे त्या वैद्यांना चांगलेच ठाऊक होते.

मात्र हा रोग खाऊनपिऊन सुखी असलेल्या थोड्यांचाच होता. वऱ्हाडातल्या कष्टकऱ्याला तो प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळला, तेव्हा इंग्रजी दप्तरात ‘बासीम’ नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. मधल्या शंभर वर्षांत शिवाराचे आणि ताटाचे रूप पालटले. ज्वारी-कपाशीच्या रानात सोयाबीन आले. भाकरीच्या जोडीला रेशनचा गहू-तांदूळ आला, तेल स्वस्त झाले. बैलांमागे चालण्याऐवजी माणूस ट्रॅक्टरवर बसला आणि पायवाटेची जागा मोटारसायकलने घेतली. कष्ट कमी झाले ही चांगलीच गोष्ट; पण शरीराचा जमाखर्च त्यामुळे बदलला.

जमाखर्चाचे शास्त्र

हा जमाखर्च मांडायचा पहिला मोठा प्रयत्न इटलीतील पदुआ विद्यापीठाचे प्राध्यापक सांतोरियो यांनी केला. काट्याला टांगलेल्या खुर्चीत बसून ते जेवत आणि स्वतःचे वजन पाहत. १६१४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी लिहिले की, दिवसात आठ पौंड अन्नपाणी घेतले, तर त्यातले सुमारे पाच पौंड डोळ्यांना न दिसताच शरीराबाहेर जातात. ते कुठे जातात, याचे उत्तर मिळायला पावणेदोनशे वर्षे लागली. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले. किती बर्फ वितळले आणि प्राण्याने किती कर्बवायू सोडला, याची त्यांनी तुलना केली. श्वसन हे मंद ज्वलन आहे, हा निष्कर्ष त्यातून निघाला. पुढे १८९० च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅटवॉटर यांनी जिवंत माणूस राहू शकेल एवढी उष्मामापक खोली बांधली. पिठूळ पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅमला ४ आणि स्निग्धाला ९ किलोकॅलरी, हे आपल्या पाठ्यपुस्तकांतले आकडे त्यांच्याच कामातून आले.

आता सोपे गणित करू. चहाचा एक चमचा साखर म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे २० किलोकॅलरी. वर्षभरात त्या ७,३०० होतात. शरीरातील एक किलो मेदात सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. हा हिशेब १९५८ मध्ये विश्नोफ्स्की या अमेरिकी डॉक्टरांनी रूढ केला. म्हणजे रोज एक चमचा साखर सोडली, तर वर्षाला जवळजवळ एक किलो वजन उतरावे. याच हिशेबाने ५७ किलोचा माणूस साठ वर्षांत पूर्ण नाहीसा व्हायला हवा!

तसे होत नाही, कारण खर्चाची बाजू स्थिर नसते. वजन उतरले की लहान झालेल्या शरीराला ऊर्जाही कमी लागते. हे लक्षात घेऊन अमेरिकेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नवा हिशेब मांडला. रोजच्या आहारात कायमची सुमारे २४ किलोकॅलरींची घट केली, तर शेवटी एक किलो वजन उतरते. त्यातले निम्मे एका वर्षात आणि जवळजवळ सगळे तीन वर्षांत उतरते; मग वजन तिथेच थांबते. तोच एक चमचा साखर, पण जुन्या हिशेबात वीस वर्षांत १९ किलो, नव्यात एका किलोहूनही कमी. पहिल्या दोन महिन्यांत भराभर उतरलेला काटा पुढे जागचा हलेनासा होतो, त्याचे एक कारण हे आहे. त्या वेळी माणसाची जिद्द संपलेली असतेच असे नाही. शरीराचा खर्च बदललेला असतो.

शरीराचा पहारा

दुसरे कारण अधिक खोल आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातील उपाशी माणसांना सावरायचे कसे, हे कळावे म्हणून मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. सद्सद्विवेकापोटी लढायला नकार दिलेल्या ३६ तरुणांनी १९४५ मध्ये २४ आठवडे अर्धपोटी राहण्याचे मान्य केले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. पण विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाखर्च त्याहून जास्त, सुमारे ४० टक्क्यांनी घटला. ते अन्नाखेरीज दुसरा विचार करीनासे झाले. पुन्हा पोटभर जेवू लागल्यावर मेद आधी परत आला, स्नायू मागाहून.

अमेरिकेतील वजन उतरवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. तेरा जणांचे वजन पुन्हा वाढले होते, आणि तरीही त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० किलोकॅलरी कमीच खर्च करीत होते. सेमाग्लुटाइड या नव्या औषधाने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरते, असे २०२१ मध्ये दिसले. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातला दोन तृतीयांश भाग परत आला. दुष्काळात जगायला शिकलेले शरीर आपली साठवण सहजासहजी सोडत नाही.

चाळिशीत भट्टी थंडावते काय?

‘वय झाले, आता पचनाची भट्टी मंदावली’ असे आपण सर्रास म्हणतो. ते तपासायला एक सुंदर पद्धत उपलब्ध आहे. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेले पाणी माणसाला प्यायला देतात. हायड्रोजन फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो. ऑक्सिजन मात्र पाणी आणि कर्बवायू या दोहोंवाटे. दोन्ही कमी होण्याच्या वेगातील फरकावरून कर्बवायू किती तयार झाला ते कळते, आणि त्यावरून ऊर्जेचा खर्च. माणूस या काळात आपले रोजचे काम करीत असतो. या रीतीने २९ देशांतील ६,४०० हून अधिक लोकांची मापे एकत्र करून २०२१ मध्ये हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. त्यांत आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत सारे होते. शरीराचा आकार आणि घडण जमेस धरल्यावर दिसले की, विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत ऊर्जाखर्च जवळजवळ स्थिर असतो. तो घटू लागतो साठीनंतर.

मग चाळिशीत पोट का सुटते? वयाबरोबर स्नायू हळूहळू घटतात, हालचाल कमी होते, झोप अपुरी पडते. स्त्रियांत रजोनिवृत्तीच्या सुमारास मेद कमरेखालून पोटाकडे सरकतो. ताटातला घास मात्र तोच राहतो. शिवाय आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात चाळिशीच्या कितीतरी आधी होते.

पुण्याजवळची सहा गावे

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण पाठीवरील त्वचेची घडी मोजल्यावर आढळले की, मेद त्या मानाने फारसा कमी नव्हता. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या बाळांना ‘बारीक पण मेदयुक्त’ असे म्हटले गेले. अर्धपोटी आईच्या उदरातच शरीर काटकसर शिकते, आणि पुढे अन्न मुबलक झाले की तीच काटकसर अंगलट येते, अशी मांडणी इंग्लंडमधील हेल्स आणि बार्कर यांनी १९९२ मध्ये केली होती. पुण्याची बाळे तिला जुळणारी निघाली.

२००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी यडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा दोघांचा निर्देशांक सारखाच होता, २२.३. पण यडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के! हे सूत्र मुळात बेल्जियमच्या केतले या गणितज्ञाने १८३० च्या दशकात मांडले. त्याला आजचे नाव अ‍ॅन्सेल कीज यांनीच १९७२ मध्ये दिले. पाश्चात्त्य लोकांसाठी ठरलेल्या त्याच्या मर्यादा आपल्याला सैल पडतात. म्हणून २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी २३ च्या पुढे अधिक वजन आणि २५ पासून स्थूलता मानावी, असे सुचवले. कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ठरली. देशभरच्या एका मोठ्या पाहणीत (२०२३) ३९.५ टक्के प्रौढांत पोटाची स्थूलता आढळली.

मग करायचे काय?

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत या प्रश्नावर सर्वांत जास्त बोलले गेले ते दोन जेवणांच्या पद्धतीवर. विदर्भातील डॉ. श्रीकांत जिचकार यांनी व्याख्यानांतून मांडलेला हा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव नेला: दोनदाच जेवायचे, मध्ये काही खायचे नाही आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. असे केल्याने चहा-बिस्किटे आणि फराळ आपोआप सुटतो, हा त्याचा उघड फायदा. पण घड्याळाचा स्वतंत्र प्रभाव किती? चीनमध्ये १३९ स्थूल लोकांवर वर्षभर झालेल्या प्रयोगात (२०२२) दोन गटांना सारख्याच कॅलरी दिल्या. एका गटाने सारे आठ तासांतच खायचे होते. त्या गटाचे वजन ८ किलोने उतरले, दुसऱ्याचे ६.३ किलोने. हा फरक निर्णायक ठरला नाही. थोडक्यात, ज्याला जी रीत वर्षानुवर्षे झेपेल ती त्याने धरावी. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत.

आमच्या मते याहून महत्त्वाचा प्रयोग चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ लोक घेतले. सरासरी वय सुमारे ४६. एका गटाला केवळ नेहमीचा सल्ला दिला, दुसऱ्याला आहार आणि चालण्याची सवय लावली. तीन वर्षांनी पहिल्या गटात ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, दुसऱ्यात ३९ टक्क्यांना. हा निष्कर्ष २००६ चा. विशेष म्हणजे दुसऱ्या गटाचे वजन फारसे उतरलेच नव्हते! काटा हलला नाही म्हणून चालणे सोडून देणारा माणूस नेमका हा फायदा गमावतो.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगून थांबतो. मोठ्या मुलांना घरी आपल्या आईवडिलांच्या उंचीएवढी सुतळी कापायला सांगावी. ती दुमडून निम्मी करावी आणि बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती धरावी. टोके भेटली तर ठीक. भेटली नाहीत तर पोटाकडे लक्ष द्यायची वेळ झाली आहे. मुलांची स्वतःची वजने मात्र फळ्यावर लिहू नयेत. त्याने शास्त्र शिकवले जात नाही, चिडवाचिडवी तेवढी होते. आणि आठवी-नववीतल्या मुलींच्या डब्यात भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, पालेभाजी आहे का, हे जरूर पाहावे. पुण्याजवळच्या सहा गावांचा अनुभव लक्षात घेतला, तर त्यांच्या पुढच्या पिढीच्या चाळिशीची तयारी आजच्या या डब्यापासून सुरू होते.