श्रीमंत कोणाला म्हणायचं?

वडोदऱ्याला आमच्या शेजारच्या गुजराती घरातून एकदा पत्रिका आली. त्या वेळी माझी मावशी साताऱ्याहून आमच्याकडे आली होती. गुजराती लिपीला शिरोरेषा नसली तरी थोडं अडखळत मराठी माणसाला ती लागते. मावशीनं वरचा ठळक शब्द लावला, ‘श्रीमंत’, आणि विचारलं, “एवढे पैसेवाले आहेत का गं हे लोक?” खरं तर शेजारच्या सुनेला सातवा महिना लागला होता. आमंत्रण होतं डोहाळजेवणाचं.

तेव्हा सगळे हसलो. पण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी मंडळींना हा शब्द वारंवार अडवतो, आणि जुनी कागदपत्रं वाचताना तर चक्क फसवतो. म्हणून आज त्याची थोडी चौकशी करू.

मूळ शब्द संस्कृत ‘श्रीमत्’, म्हणजे ज्याच्यापाशी श्री आहे तो. पुल्लिंगी एकवचन श्रीमान्, अनेकवचन श्रीमन्तः, स्त्रीलिंगी श्रीमती. यातल्या ‘मन्त्’ला प्राकृतात अकार लागला आणि आपल्याला श्रीमंत मिळाला. हनुमंत, भगवंत, बुद्धिमंत ही त्याचीच भावंडं. आता ‘श्री’ म्हणजे काय? ऋग्वेदात या शब्दाचा अर्थ तेज, शोभा असा आहे. पुढे श्री म्हणजे लक्ष्मी झाली, आणि शोभेबरोबर समृद्धीही त्या शब्दात आली. मराठीत आपण ‘हतश्री’ म्हणतो तेव्हा मात्र जुना अर्थ अजून जागा असतो. हतश्री झालेल्या वाड्याचे पैसे गेलेले असतील, पण आपल्याला दिसते ती त्याची गेलेली कळा.

दोन्ही अर्थ संस्कृतात शेजारी शेजारी नांदतात. श्रीमद्भगवद्गीता या नावातलं ‘श्रीमद्’ म्हणजे हाच शब्द. ‘पैसेवाली गीता’ असा अर्थ कोणी करणार नाही. पण त्याच गीतेच्या सहाव्या अध्यायात, योगभ्रष्ट माणूस पुढच्या जन्मी शुद्ध आचरणाच्या श्रीमंतांच्या घरी जन्मतो असं सांगितलं आहे, तिथे अर्थ सुखवस्तू, संपन्न असाच घ्यावा लागतो. म्हणजे ‘आधी मान, मग पैसा’ अशी सरळ रेघ काही ओढता येत नाही. झालं ते असं, की शेजारच्या भाषांनी या एका शब्दातून आपापल्या गरजेपुरता वाटा उचलला.

आपला वाटा आधी पाहू. पेशवेकालीन पत्रांत नुसतं ‘श्रीमंत’ म्हटलं की बहुतेक वेळा पेशवेच समजायचे. ‘श्रीमंतांची स्वारी’ म्हणजे पेशव्यांची स्वारी. इतरांना राजश्री, वेदमूर्ती, तीर्थरूप अशी ज्याची त्याची पायरी ठरलेली. या श्रीमंतीचा तिजोरीशी किती संबंध होता? पहिले बाजीराव १७२० ते १७४० पेशवे होते आणि या काळात कर्जात बुडालेले होते. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी सावकारांच्या तगाद्याचं गाऱ्हाणं मांडलं आहे, आणि गंमत म्हणजे स्वामी स्वतःही त्यांच्या सावकारांपैकी एक होते! श्रीमंत कर्जबाजारी होते, असं वाक्य आजच्या मराठीत विचित्र वाटतं. त्या काळच्या माणसाला त्यात काहीच विसंगत वाटलं नसतं.

याच्या उलट बाजूला महादजी शिंदे. दिल्लीचा बादशहा त्यांच्या आधारावर होता, तरी ते स्वतःला पाटील म्हणवून घेत. १७९२ मध्ये ते पुण्याला आले तेव्हा सवाई माधवरावांसमोर नम्रपणे जोडे घेऊन उभे राहिले, अशी आठवण इतिहासकारांनी नोंदवली आहे. त्या दरबारात श्रीमंत एकच. पेशवाई १८१८ मध्ये संपली, शब्द मात्र संस्थानांत टिकला. ज्या शिंद्यांनी पेशव्यांपुढे पाटीलकी मिरवली, त्यांच्याच घराण्याला ग्वाल्हेरात श्रीमंत म्हणू लागले. १९७१ च्या घटनादुरुस्तीनं राजांची मान्यता आणि तनखे दोन्ही गेले, तरी तिकडच्या हिंदी बोलण्यात ‘श्रीमंत’ म्हणजे शिंदे घराणं, हे अजून पुसलेलं नाही. इथे वडोदऱ्यात १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाण्याचा शेतकऱ्याच्या घरचा मुलगा दत्तक आला आणि श्रीमंत सयाजीराव झाला. त्या मुलाला हा शब्द लागला तो गादीबरोबर.

इथेच वाचणारा फसतो. आमच्या मंडळात एका जुन्या घराची जमाखर्चाची वही वाचत होतो. ‘श्रीमंतांकडून येणे’ अशी नोंद आली. आमच्यातल्या एकानं लगेच अंदाज बांधला, की कुणा धनिकाला या घरानं पैसे दिले असणार. मागची-पुढची पानं पाहिली तेव्हा उलगडलं, की ती दरबाराकडून थकलेली नेमणूक होती. एका शब्दाच्या चुकीनं दरबारी मानकऱ्यांचं घर सावकाराचं झालं असतं, आणि पुढची पिढी तीच गोष्ट सांगत बसली असती.

आता शेजारी. कन्नडात श्रीमंत म्हणजे धनवान, तेलुगूत श्रीमंतुडु म्हणजेही तेच. बेळगावकरांना त्यात नवल वाटणार नाही. आसामात मात्र श्रीमंत म्हटलं की शंकरदेव. १५६८ मध्ये देह ठेवलेले हे वैष्णव संत. नामघरं, बोरगीतं, अंकिया नाट ही सगळी त्यांच्या परंपरेची देणगी. गुवाहाटीला ‘श्रीमंत शंकरदेव कलाक्षेत्र’ ही पाटी वाचून मराठी प्रवासी क्षणभर थबकतो. तिथे त्या शब्दात जुनं तेज आहे, पैशाचा संबंध नाही. बंगाली चंडीमंगलात श्रीमंत हे एका व्यापाऱ्याच्या मुलाचं नावच आहे.

मग शेजारच्या सुनेचा ‘श्रीमंत’ कुठला? तो मुळात या कुळातला नाहीच. सोळा संस्कारांत सीमन्तोन्नयन नावाचा गर्भवतीचा संस्कार आहे. सीमन्त म्हणजे केसांचा भांग. अनोळखी ‘सीमंत’ची जागा लोकांच्या तोंडी ओळखीच्या ‘श्रीमंत’नं घेतली. तेलुगूतही सीमंतमचं श्रीमंतम असंच झालं आहे. पंडित याला चूक म्हणतील. पण भरल्या ओटीच्या बाईला श्रीमंत म्हणण्यात लोकांना काही चुकल्यासारखं वाटलं नाही, हेही खरंच.

सगळ्यात नाजूक जागा आहे ती श्रीमतीची. हिंदीत श्रीमती म्हणजे लग्न झालेली बाई. नेपाळीत तर श्रीमान म्हणजे नवरा आणि श्रीमती म्हणजे बायको. बंगालच्या वैष्णवांत श्रीमती म्हणजे राधा. आणि आपल्या मराठी घरांत? नवरा असलेली ती सौ., आणि श्रीमती बहुधा विधवेच्या नावामागे. इंदूरला माझ्या आत्याला हिंदीतून पत्र आलं, पाकिटावर ‘श्रीमती’. काका समोर चहा पीत बसलेले. आत्यानं पाकीट उघडलंच नाही, तसंच परत पाठवायला सांगितलं. काकांनी तिची बरीच समजूत घातली. पत्र लिहिणाऱ्यानं मानच दिला होता, पण आत्याच्या कानाला ते अशुभ वाटलं. आता बऱ्याच जणी, लग्न झालंय की नाही हे नावातून का सांगायचं, म्हणून स्वतःहून श्रीमती लिहितात. मला वाटतं, शब्द त्यामुळे आपल्या मूळ अर्थाजवळ परत आला आहे. जिच्यापाशी श्री आहे ती श्रीमती, त्यात नवऱ्याचा उल्लेख कधीच नव्हता.

तेव्हा घरातल्या जुन्या वह्या, पत्रं, सनदा काढाल तेव्हा ‘श्रीमंत’ शब्दापाशी जरा थांबा. कागद कुठला, कोणत्या सालचा, कोण कोणाला लिहितोय, हे आधी पाहा आणि मगच अर्थ लावा. पुण्यात ‘श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपती’ म्हणताना श्रीमंत कोण, देव की शेठजी, असं कोणी विचारत नाही. दर्शनाला तेवढं चालतं, इतिहासाला नाही.