जमिनीला आणे, घराला काय?

आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. शेतकऱ्याच्या गावातल्या घराची किंमत कोणी ठरवली, आणि कशासाठी?

उदाहरणाला इंदापूर तालुका घेऊ. १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्यात प्रिंगलने मोजणी करून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा बसवला. तो रयतेला झेपला नाही. माणसं गावं सोडून गेली. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नवी पद्धत आणली. मातीचा पोत बघायचा, खोली बघायची आणि जमिनीला आणे द्यायचे. सोळा आणे म्हणजे उत्तम जमीन. दर ३० वर्षांसाठी ठरलेला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली.

शेत असं आण्यापर्यंत तोललं गेलं. गावठाण मात्र बाजूला राहिलं, कारण राहत्या जागेवर शेतसारा नव्हता. रयतेच्या दृष्टीने सवलतच ही! पण पुढचं बघा. सारा नाही म्हणून मोजणी नाही, आणि मोजणी नाही म्हणून कागद नाही. मोठ्या गावांची गावठाणं पुढे मोजली गेली, लहान गावं तशीच राहिली. शेताचा सातबारा निघतो, गावठाणातल्या घराचा नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर येतं खरं, पण ती कर आकारणीची नोंद. मालकीचा पुरावा नव्हे.

याचा फटका कधी बसतो? घर हातचं जातं तेव्हा. भीमेवर उजनी धरण आलं, १९८० मध्ये पुरं झालं. याच तालुक्यातलं जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथलं देऊळ आजही वर दिसतं. तेव्हा लागू होता १८९४ चा भूसंपादन कायदा: बाजारभाव आणि वर १५ टक्के. आता बाजारभाव काढायचा कसा? आजूबाजूचे व्यवहार बघून, असं म्हणतात. पण ज्या गावात घर विकलं जात नाही, भावकीत वाटलं जातं, तिथे व्यवहार आणायचे कुठून? मग उरते दुसरी रीत: बांधकामाचा खर्च धरा, त्यातून घसारा वजा करा. भिंत पन्नास वर्षांची, म्हणून किंमत कमी. पण नव्या गावठाणात उठून गेलेल्या माणसाला भिंत नवीच बांधावी लागते ना! ती वरची टक्केवारी १९८४ मध्ये ३० झाली, २०१३ च्या कायद्याने १००. उजनीत ज्यांची घरं बुडाली, त्यांच्यासाठी हे सगळं उशिराचं.

२०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जाताहेत, सनदा मिळताहेत. ही सनद म्हणजे मूल्यांकन नव्हे. पण बँकेपुढे किंवा भूसंपादन अधिकाऱ्यापुढे उभं राहताना मूल्यांकन कशाचं करायचं, एवढं तरी ती सांगते.

म्हणून आम्ही म्हणतो, सनद हाती आली की पेटीत ठेवून देऊ नका. आधी तिच्यावरचं क्षेत्रफळ आणि चतुःसीमा घरातल्या जाणत्या माणसाला वाचून दाखवा. चूक असेल तर आत्ताच बोला. घर जाताना बोलून उपयोग नसतो, हे उजनीकाठच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा.